कलला की खाली

खांब पाहून येणारा प्रत्येक पाहुणा हसतो. मग त्याला खांदा लावून सरळ करत असल्याचा आव आणतो आणि फोटो काढून घेतो. दगाजी आप्पा तोवर बाजूला उभे असतात. या पाटाचं पाणी त्यांनी पाटकरी म्हणून चाळीस वर्षं वाटलं. फोटो झाला की म्हणतात, "झाला सरळ? सात बैलजोड्यांना जमलं नव्हतं. या, बसा आता." आणि सांगू लागतात.

खांब पुरुषभर उंच, काळ्या दगडाचा, मावळतीकडे, म्हणजे वरच्या करवाण्याकडे कललेला. त्याच्या बुंध्यापासून उत्तरेला फरशीवर रेघ कोरलेली आहे. पाट इथेच फुटतो. एक फाटा वरच्या करवाण्याच्या शेतांना जातो, दुसरा खालच्या करवाण्याच्या. बंधारा दोन्ही गावांनी मिळून बांधला, तेव्हा पाणी निम्मं निम्मं ठरलं म्हणे. घड्याळ कुठलं तेव्हा? सकाळपासून पाणी वरच्यांना. खांबाची सावली रेघेपलीकडे गेली, म्हणजे दिवस कलला, की खालच्यांना. सात आसरांपुढे, पाण्याच्या देवींपुढे, ओंजळीत पाणी घेऊन दोन्ही गावांनी शपथ घेतली. शपथ तीनच शब्दांची : कलला की खाली. काय कलला, ते त्यात नाही. जे सगळ्यांना ठाऊक, ते बोलायचं कशाला?

पाटकरी नेमायचा तो बिनशेताचा, म्हणजे त्याचा कल कुठे जायला नको. त्या काळचा पाटकरी तापाने गेला आणि त्याचं फावडं त्याच्या बायकोने, गेंदाबाईने उचललं. बाई पाण्यासारखी सरळ. पण घर खालच्या करवाण्यात, माहेर वरच्या, आणि वरचा पाटील धुडकू हा तिचा पाठचा भाऊ. आता बोलणाऱ्याला आणखी काय हवं?

एका सालात पावसाने दगा दिला. खालचा गहू ओंबीत दाणा भरायच्या वेळेला पिवळा पडू लागला. दिवस मावळायचा आणि शेवटचे वाफे कोरडेच राहायचे. गेंदाबाई तर रोज सावली रेघेपलीकडे गेली की वरचं दार बंद करून खालचं उघडत होती, पापणी लवायचाही उशीर नाही. तरी लोक म्हणू लागले, कुंपणच शेत खातंय, पाटकरणीचा कल माहेराकडे आहे. पाणवठ्यावर बायका तिला पाहून पाठ फिरवायच्या. शेवटी खालच्या गावाने सांगून टाकलं : अवसेपर्यंत पाणी पुरलं नाही, तर फावडं ठेव आणि गाव सोड. गेंदाबाईला फार लागलं ते. नवऱ्याच्या मागे तिच्यापाशी त्याचं नाव आणि ते फावडं, एवढंच तर होतं.

अवसेला चार दिवस उरले असताना ती डोक्यावर भरला हंडा घेऊन खांबाशी आली. सावली अजून रेघेच्या अलीकडेच होती, म्हणून तशीच रेघेवर थांबली. आता डोक्यावर हंडा असला की बाई वाकडी उभी राहील का? राहिली तर पाणी अंगावर. पायाशी पाहते, तर तिची सावली नुकतीच रेघेपलीकडे गेलेली आणि खांबाची तिथेच. ती हलली नाही. खांबाची सावली सरकायला पुढे दोन घटका लागल्या. रोज दोन घटकांचं पाणी वरच जिरत होतं, आणि तिच्याच हातून.

ती आधी भावाकडे गेली. खांब भादव्यात, माती ओली असताना, त्याच्याच माणसांनी रेटला होता, असं सांगतात. धुडकू म्हणाला, पावसाने खचला असेल, तू कशाला त्यात पडतेस, भाऊबीजेला ये म्हणजे झालं. गेंदाबाई काय ते समजली. बोललं तर माहेर जातं, न बोललं तर खालचं गाव उपाशी मरतं.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही गावं खांबापाशी बोलावली आणि भावालाच विचारलं, "भाऊ, खांब सरळ आहे की कललाय?"

सरळ म्हणावं, तर गवंडी ओळंबा घेऊन उभाच होता. धुडकू म्हणाला, "कललाय. त्यात आमचा काय दोष?"

"दोष कोण काढतंय? शपथ काय आहे?"

मागून कुणीतरी म्हणालं, कलला की खाली.

"मग कललाय," गेंदाबाई म्हणाली आणि तिने वरचं दार चिखलाने लिंपून टाकलं.

धुडकू जाताना एवढंच बोलला, "आक्का, आजपासून तुला माहेर नाही."

मग खांब सरळ करायला वरच्यांनी सात बैलजोड्या जुंपल्या. दोर तुटले, बैल गुडघ्यावर आले, खांब हलला नाही. आसरांनी धरून ठेवला म्हणे. आप्पांच्या मते खालचा खडकच सरकला असावा, पण आप्पांना विचारतो कोण?

आठ दिवस सगळं पाणी खाली गेलं. खालचे खूश, आता जन्माचं पाणी आपलं. वरचा गहू मान टाकू लागला. ज्या बांधांवर ती लहानपणी खेळली, तिथली माती भेगाळलेली पाहून गेंदाबाईला रडू आलं. तिने पुन्हा दोन्ही गावं बोलावली. म्हणाली, "खांब खोटा झाला. उद्यापासून खांब मी. माझी सावली गेली की पाणी खाली."

खालचे कुरकुरले, शपथेने मिळालेलं सोडायचं कशाला?

"शपथ तीच राहील. मी कलले, तर त्या दिवसाचं सगळं पाणी तुमचं."

तेव्हापासून पाण्याच्या दिवसांत ती रोज भरला हंडा डोक्यावर घेऊन रेघेशी उभी राहायची. वीस वर्षं राहिली. धुडकूने तिच्या सावलीवर पाणी घेतलं, पण तिच्याशी बोलला नाही. तिचं वय कललं, पाठ कलली नाही.

मग एका पौषात, सावली रेघेला अजून टेकलीही नव्हती, तेव्हा हंडा तिरपा झाला. पाणी सांडलं आणि गेंदाबाई कलून खांबाला टेकली, ती टेकलीच. त्या वेळी पाणी धुडकूच्या शेतात चाललं होतं आणि त्याचे निम्मे वाफे व्हायचे होते. ते भिजेपर्यंत थांबला असता, तरी कुणी काही म्हटलं नसतं. म्हातारा धावत आला. हंडा बाजूला ठेवून त्याने बहिणीला नीट निजवलं आणि आपलं दार आपल्या हाताने बंद करून खालचं उघडलं.

"आक्का कलली," म्हणाला, "पाणी खाली."

आता मोबाइलवर बारा वाजले की दार बदलतात. पण आजही पौषातल्या त्या तिथीला दिवसभराचं पाणी खाली जातं आणि दार वरच्या पाटलाच्या घरचा माणूस उघडतो. येताना तो माहेरची साडी आणतो आणि कललेल्या खांबाला नेसवतो. खांब माहेराकडेच का कललाय, असं पाहुणे विचारतात. आप्पा म्हणतात, "बाईचा कल माहेराकडे असायचाच. पाणी कुठे गेलं ते बघा."