सबनीस मास्तरांचं भिंग

"पण भिंग त्यालाच का दिलंत, मास्तर?"

सबनीस मास्तरांनी माळेचा एक मणी पुढे ओढला.

हवाई दलातल्या दोन पिढ्यांना त्यांनी विमानातून काढलेले फोटो वाचायला शिकवलं होतं. आता डोळे गेले होते, आणि ते नदीकाठच्या मठात माळ ओढत बसत. नोकरी सोडताना आपलं जुनं पितळी भिंग त्यांनी नाडकर्णीच्या हातात ठेवलं. त्या दिवशी त्यांचाच दुसरा शिष्य जयवंत घोरपडे याच्या पोटात जे दुखू लागलं, ते काही थांबेना.

नाडकर्णी म्हणजे जाड चष्मा लावून एकेका फोटोवर दिवसभर मान मोडणारा माणूस. त्याला भिंग! जयवंतला हे आठवलं की तोंडातला घास कडू व्हायचा.

आज मात्र तो उट्टं काढायच्या तयारीनंच आला होता. त्याने पिशवीतून शत्रूच्या वाळवंटाचा फोटो काढला. असा फोटो ऑफिसबाहेर नेणं गुन्हा होता, पण आंधळ्या माणसापासून कसलं गुपित लपवायचं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

मग त्याने घडाघडा सगळं सांगितलं. ऑफिसात तो नाडकर्णीच्या समोर, त्याच टेबलाच्या पलीकडे बसतो. नाडकर्णी हा फोटो तपासत होता तेव्हा यानेही मान पुढे काढून पाहिलं. दुसऱ्याचं वाकून पाहण्यात गोडी असतेच. नाडकर्णीने लिहिलं, वाळूचे ढिगारे. जयवंतला तर स्पष्ट खड्डे दिसले, अणुबाँबची क्षेपणास्त्रं उभी करायला खणलेले. तेव्हा तो मुद्दाम गप्प राहिला. आज संध्याकाळी तो थेट साहेबांपुढे जाणार होता, आणि मग नाडकर्णीची नोकरी राहणार नव्हती.

"आणि आपली विमानं?" मास्तरांनी विचारलं.

"बाँब चढवून तयार ठेवतील. कदाचित त्यांच्या आधी आपणच…"

नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं.

"फोटो धर. पहिल्यांदा पाहिलास तसाच."

जयवंतने धरला.

"सावल्या कुणीकडे पडल्यात?"

"वरच्या बाजूला. माझ्यापासून लांब."

मास्तरांनी चाचपडत हात पुढे केला, कागदाची कड पकडली, आणि वरची बाजू खाली येईल असा फोटो फिरवला.

जयवंत बघतच राहिला. सगळे खड्डे वर आले होते. वाळूचे ढिगारे, नुसते ढिगारे. सावली आपल्याकडे पडेल असाच फोटो धरायचा, नाहीतर टेकडीचा खड्डा दिसतो, हा मास्तरांचा पहिल्या दिवसाचा धडा होता. आणि टेबलाच्या पलीकडून त्याने तो उलटाच पाहिला होता.

त्याने फोटो घाईघाईने पिशवीत कोंबला. आपण काय करायला निघालो होतो, ते त्याला आता उमगलं. तरी पोटातलं ते जुनं दुखणं जागच्या जागीच होतं.

"पण मास्तर… भिंग त्यालाच का?"

मास्तरांनी माळ पुन्हा हातात घेतली.

"त्याची नजर अधू आहे रे. समोरच्या कागदापलीकडचं त्याला काही दिसतच नाही."