नातवाच्या खांद्यावरची बोटं

"पण बाई, ही बोटं काढू कशी?"

अनंतराव धुरींनी प्लायवुडची फळी रेगेबाईंच्या पुढ्यात ठेवली. बाई सुपारी कातरत होत्या. त्या वेळी प्रत्यक्ष देव आला असता तरी त्याला म्हणाल्या असत्या, बस तिथं.

अनंतराव बसले. कचेरीत जन्मभर लोकांना ताटकळत ठेवलेला माणूस! आता लाकडाच्या भुशात बसून ताटकळत होता.

शाळेत याच बाईंनी त्यांना चित्रकलेत नापास केलं होतं. म्हातारपणी बाईंनी मागच्या पडवीत स्क्रोल सॉ मांडला. शिवणयंत्रासारखं मशीन, सुईच्या जागी करवतीचं दोऱ्याएवढं पातं. वरखाली, वरखाली. मोर कापा, वेली कापा. निवृत्त झाल्यावर अनंतराव शिकायला आले, डझनभर पाती मोडली, आणि आपण बाईंच्याही पुढे गेलो असं त्यांनीच गावभर सांगून टाकलं.

बाईंनी फळी हातात घेतली. फळीवर घरचा फोटो चिकटवलेला. मुलगा खुर्चीत, मांडीवर नातू. शेजारी आरपार भोक... उभ्या बाईमाणसाच्या आकाराचं.

"सून कुठाय?"

"काढली." अनंतरावांना हसू आवरेना. "पदराची कड बघा. कुठं टवका उडालाय?"

"हात बसलाय तुझा."

अनंतराव फुलले. बाईंनी कौतुक केलं की पुढं खड्डा असतो, हे शाळेतली पोरंसुद्धा ओळखायची. यांना कुठलं कळायला!

"रविवारी मुलगा येतोय, नातवाला घेऊन. दोन वर्षांनी! तिला आणलंस तर दार उघडणार नाही, असं बजावलंय. हे समोरच्या भिंतीवर लावतो. बघू दे, या घरात कोण आहे आणि कोण नाही."

"पोर केवढं?"

"पाचवं सरलं. भारी हुशार."

"मग विचारेल."

"काय विचारेल?"

बाईंनी फोटोवर नख टेकलं.

सून गेली होती, पण तिचा हात नातवाच्या खांद्यावर होता. मनगटापर्यंतचा गेला, पंजा खांद्यामागं. चार बोटं राहिली. एकात अंगठी.

"तेच तर म्हणतोय मी!" अनंतराव चिडले. "ब्लेडनं खरवडलं, तर सदराच फाटतोय पोराचा. तुमच्याकडचं एकदम बारीक पातं द्या. बोटं तेवढी उचलतो."

बाईंनी बारीक पातं चढवलं, ताण बघितला, मशीन सुरू केलं.

"उचल."

अनंतरावांनी फळी टेबलावर सरकवली. पातं भोकातून नातवाकडे निघालं. करंगळीपाशी आलं... तिथून आत सदरा, सदऱ्याच्या पलीकडे गळा. त्यांनी फळी मागं ओढली. पुन्हा पुढं नेली. पुन्हा मागं.

मशीनचं बटण त्यांनीच बंद केलं.

"वळू कुठून, बाई?"

बाईंनी पुन्हा अडकित्ता उचलला. कपाळावरचा भुसा घामात भिजून अनंतरावांच्या भुवईत उतरला, तो पुसायचंही त्यांना सुचेना.

"बाई... रविवार परवावर आलाय. काहीतरी सांगा."

"खांदा काप."

"पोराचा?"

"तिनं तोच धरलाय."