पाठीवरचे घाव

"तुमच्या तालमीत पळायला शिकवतात का, वस्ताद?"

हैबती वस्तादांनी मान वर केली नाही. उंबऱ्यावर बसून ते तळव्यांना तूप चोळत होते.

"मी काहीतरी विचारतोय."

"ऐकलं."

"मग बोला की! बारा वर्षं माझा दादा इथं होता. बारा वर्षं! आणि मेला तो पाठीवर सात घाव घेऊन. छातीवर ओरखडा नाही. नखांत कुणाची कातडी नाही. एकालासुद्धा हात लावला नाही त्यानं."

दोन दिवस डोंगर चढून आलेला गेनू धापा टाकत अंगणात उभा होता. पायांत वहाणा नव्हत्या. त्या कुठं राहिल्या, हे त्याला सांगता आलं नसतं. डोळे सुजले होते, पण रडून नव्हे. दादा गेल्यापासून तेरा दिवस तो धड झोपला नव्हता.

राजानं डोंगरातल्या लोकांची हत्यारं काढून नेली, तेव्हापासून ही तालीम होती. माणसं इथं मांजराकडून लढायला शिकायची. उडी कशी घ्यावी, पडावं कसं, पंजा कुठं मारावा. बाकीच्या तालमींत हात दगडासारखे करतात. इथं तळवे मऊ ठेवायचे, मांजराच्या पावलासारखे. गेनूचा दादा तुळाजी सणाला घरी आला की त्याचे हात बघून गाव हसायचं. पाथरवटाच्या पोटी लोण्याचा गोळा, म्हणायचं.

गेनूही हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं तोच.

"आमच्या गावात लढून मेलेल्याचा वीरगळ उभा करतात," तो म्हणाला. "दगड मीच काढला. पुरुषभर उंच. रात्रंदिवस छिन्नी चालवली. आणि पंच म्हणाले, पाठ दाखवून मेलेल्याचा दगड वेशीत लागत नाही."

वस्तादांनी दुसरा तळवा चोळायला घेतला.

"म्हणाले, हात बघ त्याचे. छातीशी दुमडलेले. तुझा भाऊ हात जोडून जीव मागत होता." गेनूचा आवाज फाटला. "मला ते सरळ करता आले नाहीत, वस्ताद. किती ओढले. तसेच सरणावर ठेवले."

तूप चोळणारे हात थांबले.

"दादाला मारणारे लुटारू पाच होते. त्यातल्या एकाचं तरी रक्त आण, मग दगडाचं बघू, असं पंच म्हणालेत. मला मारायचा एक डाव शिकवा. एकच. बारा वर्षं नकोत मला."

"तुळाजीनं तुला काही शिकवलं नाही?"

"झाडावरून पडायचं कसं, ते शिकवलं होतं. लहान होतो."

"आलं?"

"हात मोडला माझा."

वस्तादांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि विझलं.

"हसू नका! शिकवायचं नसेल तर एवढंच म्हणा, की तो भेकड होता. तुमच्या तोंडानं म्हणा. मग मी जातो, आणि घणानं तो दगड फोडून टाकतो."

वस्तादांनी पुन्हा तुपात बोटं बुडवली.

गेनूला ते सोसलं नाही. मूठ आवळून तो तालमीच्या मातीच्या हौद्यातून सरळ त्यांच्या अंगावर धावला.

"तिथं पाय नको देऊ..."

उशीर झाला होता. म्हातारा उंबऱ्यावरून कधी उठला, हे गेनूला दिसलंच नाही. गालावर एक मऊ तळवा लागला. टाळी द्यावी तेवढाच. आणि तो लाल मातीत पालथा पडला. उठला, पुन्हा धावला. पुन्हा तोच तळवा, पुन्हा तीच माती.

तिसऱ्यांदा तो उठला, तेव्हा वस्ताद त्याच्याकडं बघतच नव्हते. ते हौद्यात गुडघे टेकून बसले होते. विस्कटलेल्या मातीवर बोट फिरवत होते.

"मारा ना! नीट मारा!"

"तुळाजी इथून निघाला त्या सकाळपासून ही माती खणली नव्हती," वस्ताद म्हणाले. "त्याचे पाय उमटले होते इथं."

गेनूनं खाली पाहिलं. सगळीकडं त्याच्याच पावलांचे ठसे होते.

भिंतीवर एक कबरी मांजर बसली होती.

मग वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या टोपलीतून त्यांनी एक पिल्लू उचललं. डोळे न उघडलेलं, मुठीत मावेल एवढं. गेनूच्या हातात ठेवलं.

"धर."

"हे काय?"

"धर म्हटलं ना."

गेनूनं धरलं. पिल्लू थंडीनं कापत होतं. त्यानं नकळत ते छातीशी घेतलं. त्याच्या खरबरीत, घट्टे पडलेल्या हातांत ते इतकं मऊ लागलं, की त्याला भीतीच वाटली.

वस्तादांनी भिंतीला टेकलेली काठी उचलली, आणि पिल्लावर घातली.

गेनूनं विचार केला नाही. तो गर्रकन वळला, वाकला. काठी त्याच्या पाठीवर बसली.

"वेड लागलं का, म्हाताऱ्या!"

"मार की मला. पाथरवटाचे हात आहेत तुझे."

दुसरा तडाखा. खांद्याच्या पात्यांच्या मधोमध. वस्ताद डावीकडून आले, तो उजवीकडं वळला. ते उजवीकडून आले, तो डावीकडं वळला. प्रत्येक वेळी पाठच पुढं.

"दोन हात आहेत तुला. मार!"

"कसा मारू?" गेनू ओरडला. "हातात हे आहे ना!"

वस्तादांनी काठी खाली ठेवली.

पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं. गेनू आपल्याच हातांकडं बघत राहिला. कोपरं दुमडलेली. मनगटं छातीशी. एका हातावर दुसरा हात.

हे हात त्यानं पाहिले होते. तेरा दिवसांपूर्वी. ओढले होते...

"कोण होतं?" त्यानं विचारलं. "वस्ताद... दादाच्या हातात कोण होतं?"

"मुलगी. तीन-चार वर्षांची. लुटारूंनी खिंडीत तांडा गाठला, त्यातली. कुणाची, ते अजून कळलं नाही. ती बोलत नाही."

"जिवंत आहे?"

"धनगरांकडं आहे. ते आवाज ऐकून धावले, तोवर लुटारू पळाले होते. तुळाजी गेला होता. त्याच्या हातांतून पोर सोडवायला दोन माणसं लागली. पोर बेशुद्ध होती, म्हणून ते तिला घेऊन आधी वर पळाले. परत आले, तोवर वाटसरूंनी प्रेत खाली तुमच्या गावाला नेलं होतं. ही हकीकत मला काल कळली. मी आज निघणारच होतो तुझ्याकडं."

"तिला लागलं?"

"ओरखडाही नाही."

गेनू मातीत बसला. मग तो रडला. तेरा दिवसांचं रडू होतं, ते शहाण्यासारखं आलं नाही. तो जनावरासारखा ओरडला, दादाला शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या. हसायचो मी त्याच्या हातांना, म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच म्हणाला. आणि एवढं सगळं होईतो त्याचे हात मात्र जागचे हलले नाहीत.

वस्ताद त्याच्या शेजारी बसून राहिले. त्यांच्याही दाढीत पाणी उतरलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं. गेनूनं खांद्याला नाक पुसलं. चेहरा पुन्हा घट्ट झाला.

"सात वार केले त्यांनी. पोर हातात असलेल्या माणसावर."

"हो."

"आता तर मारायलाच हवं. नाही का? पाचांनाही. आता नाही म्हणू नका, वस्ताद."

वस्तादांनी त्याच्या हातांतल्या पिल्लाकडं पाहिलं.

"शिकवता की नाही?"

"शिकवतो," हैबती वस्ताद म्हणाले. "आज, आत्ता शिकवतो. सोपा डाव आहे. ...आधी ते पिल्लू खाली टाक."