काजळीखालचं नाव

"रविवारी माझ्या शोरूमचं उद्घाटन. त्याआधी ही भट्टी उचलायची! कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या लागणार आहेत!" विश्वंभरशेठ गरजले.

कासमचाचांच्या हातातला चिमटा थांबला. कुसरखेडच्या या कोपऱ्यात चाळीस वर्षं त्यांनी कल्हई केली होती. जागा शेठची, तोंडी शब्द हाच करार. त्यांची मुलगी जुबेदा मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"शेठ, भट्टी उचलून न्यायची कुठं?"

"मला काय विचारतेस? चार दिवसांत एक गिऱ्हाईक येतं तुमच्याकडे! माझ्याकडे बघ. पुण्याहून जाहिरातवाले आणलेत. ड्रोन काय, रील काय, गावभर माझे फोटो!"

"जाहिरात मीही करीन की!"

शेठना हसू आवरेना. "कर! पण एक पैसा खर्च न करता. आणि ऐक, रविवारपर्यंत मी स्वतः, न बोलावता, माझ्या पायांनी, गिऱ्हाईक म्हणून तुझ्या भट्टीवर आलो, तर ही जागा कायमची तुझी!"

झालं! हा माणूस सख्ख्या भाच्याच्या लग्नातसुद्धा दुसऱ्यांदा बोलावणं आल्याशिवाय पंगतीला बसला नव्हता. तो न बोलावता येणार, तोही स्टीलच्या भांड्यांचा व्यापारी, कल्हई करायला!

"ठरलं!" जुबेदा म्हणाली.

तिच्याजवळ होता काच तडकलेला एक मोबाईल. तिने भाता मारला, अब्बांनी काळंकुट्ट पातेलं निखाऱ्यावर धरलं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील फिरलं आणि पातेलं आतून लखलखलं. तिने ते सगळं टिपलं आणि टाकलं स्टेटसवर. दोनशे जणांनी पाहिलं, साठ जणांनी अंगठे पाठवले. भट्टीवर आलं कोण? कुणीच नाही!

"गावानं अंगठाच दाखवला म्हणायचा," कासमचाचा म्हणाले.

गुरुवारी मात्र शेजारच्या यमुनाकाकू फोन नाकाशी धरून आल्या. "जुबेदा, तुझ्या मागं फळीवर ती तपेली दिसतेय, तिच्या काठावर नाव कुणाचं गं?"

जुबेदाने मागे पाहिलं. भंगारातून आलेली दुधाची पितळी तपेली, काजळीने माखलेली. या गावची जुनी रीतच होती. बारशाला मामाने बाळाचं दूध तापवायला पितळी तपेली द्यायची, काठावर बाळाचं नाव घालून. पुढे घरोघरी स्टील आलं आणि तपेल्या मोडीत गेल्या. काकूंना चमकत्या पातेल्याचं काही नव्हतं, त्यांचा जीव त्या नावात अडकला होता!

"काकू, तुमची तपेली कुठंय?"

"माळ्यावर असेल कुठंतरी. थांब, बघते!" म्हणत काकू लगबगीने गेल्यासुद्धा.

जुबेदाने चिंच घेऊन काठाचा थोडासाच भाग घासला, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'काठावर “… यास बारशाला मामाकडून” एवढंच दिसतंय. नाव अजून काजळीखाली आहे. रविवारी दहाला घासणार. तपेली ज्याची त्याला फुकट!'

मग काय विचारता! फोटो भजनी मंडळात गेला, दहावीच्या बॅचमध्ये गेला, भाऊबंदकीच्या ग्रुपात गेला. दुबईहून एकाचा फोन आला, "ती माझीच! खालचा पोचा माझ्या बहिणीनं पाडलाय!" शनिवारपर्यंत तपेलीला सदतीस मालक झाले. येणारा रिकाम्या हाताने येईना, घरातली काळवंडलेली भांडीही आणू लागला. चाचांना जेवायला फुरसत उरली नाही.

रविवार उजाडला. शोरूमपुढे बँड वाजत होता, ड्रोन घिरट्या घालत होता, आणि खाली माणूस नव्हतं! सगळं गाव कोपऱ्यात जमलं होतं. जुबेदाची नजर मात्र एकच माणूस शोधत होती. दहा वाजले. तो दिसेना.

एवढ्यात गर्दीत रेटारेटी झाली. "सरका! वाट द्या! हात लावू नका तिला, माझी आहे ती!"

विश्वंभरशेठ! फेटा कलता, धाप लागलेली.

"या शेठ, बसा," जुबेदा शांतपणे म्हणाली. "काय काम काढलंत?"

"ती तपेली! माझ्या गंगाधरमामानं दिलेली! सुनेच्या फोनवर बघितली. घासून दे, चांगली कल्हई कर, काय होतील ते घे!"

बोलून झालं आणि शेठच्या लक्षात आलं. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"लबाडी! फोटो टाकून मला बोलावलंस तू!"

"कुठं बोलावलं? त्यावर तुमचं नाव होतं का?"

"नव्हतं... पण माझंच आहे ना!"

"शेठ, नाव मीच अजून घासलेलं नाही. ते तुम्ही कुठं वाचलंत?"

कोपरा हास्याने दणाणला. कासमचाचांनी चिंच फिरवली. काजळी उतरली आणि अक्षरं उजळली, 'चि. नारायण'. म्हातारे नारायण पोस्टमन पुढे आले आणि तपेली छातीशी धरून ढसाढसा रडू लागले.

शेठचा चेहरा उतरला. "मग माझी कुठाय?"

"तुमच्याच गोदामात असेल. स्टीलच्या बदल्यात घेतलेल्या पितळेचा ढीग पडलाय ना तिथं? पाठवून द्या. घासत घासत शोधू!"

शेठ असे खदखदा हसले की फेटा पार खाली आला. "जागा तुझी! उद्याच कागद करून देतो. अख्ख्या ढिगाची कल्हईही तूच करायची! आणि त्या पुण्याच्या साहेबांना बोलवा रे इकडे. म्हणावं, ड्रोन ठेवा खाली आणि आठ दिवस जुबेदाचा भाता मारा!"