शिपायाने थांबवलेला पोवाडा

फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक शिपाई होता. शत्रू चालून आला तेव्हा त्याने एक अरुंद खिंड एकट्याने अडवून धरली, असे सगळे सांगत. जखमांच्या ग्लानीतून तो उठला, त्याच दिवशी राजाने भर दरबारात त्याच्या हातात सोन्याचे कडे घातले.

त्या राज्याची एक रीत होती. कडे मिळालेल्या वीराने आपला पोवाडा उभ्याने, मुकाट ऐकायचा. मध्ये तोंड उघडले, तर कडे परत द्यायचे. वीराने स्वतःची बढाई मारू नये, म्हणून ही रीत.

शाहिराने डफावर थाप मारली. दाराशी एक म्हातारा अंग चोरून उभा होता. त्याचा मुलगा शिपायाबरोबर खिंडीत होता आणि पळताना गावाने त्याला पाहिले होते. तो पुन्हा दिसलाच नाही. तेव्हापासून गावाने म्हाताऱ्याशी बोलणे टाकले होते.

“आजोबा, दार धरून उभे आहात ते बरं. पळायला सोपं!” कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

शाहीर गाऊ लागला, “जोडीदार भेकड पळाला, वाघ एकला उरला...”

“थांबा, शाहीर!” शिपाई ओरडला.

“अरे, कडे जाईल!” प्रधान पुटपुटले.

“जाऊ द्या. मी एकटा नव्हतो, महाराज. तो पळाला हे खरं. पण मागचा कडा चढून परत आला. मला भीती ठाऊकच नाही, मी उभा राहिलो त्यात काय मोठंसं? तो भ्यालेला होता, वाट मोकळी होती, तरी आला. माझ्यावर आलेला भाला त्याने छातीवर घेतला आणि दरीत गेला.”

म्हातारा पुढे आला. “येताना रडत होता का रे?”

“हो, बाबा. हमसून रडत होता. तरी येत होता.”

“माझाच तो,” म्हातारा म्हणाला. “अंधारात परसातसुद्धा जायचा नाही.”

शिपायाने कडे काढून राजापुढे ठेवले. रीत मोडता येत नव्हती. राजाने ते मान खाली घालून घेतले.

“बाबा, मुलाचं नाव काय?” शाहिराने विचारले.

“भिवा.”

शाहिराने डफ उचलला, पण थाप मारवेना. त्याने ते नाव नुसतेच उच्चारले, आणि सारा दरबार उभा राहिला.

तात्पर्य एवढेच: निर्भयाचे कौतुक जरूर करावे, पण जो भिऊन पळाला आणि रडत का होईना परत फिरला, त्याचे धैर्य बहुधा त्याहून मोठे असते.