कळकलेली कढी

"...मग माझं चुकलं कुठं, आई?"

भिवराचा आवाज चढलेला होता. मठाच्या ओसरीवर थोरली आई सुपात डाळ घेऊन निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

भिवरानं पुन्हा विचारलं. एकदा विचारून गप्प बसायची तिला सवयच नव्हती.

"सांगा ना. सैपाकघर काय मी झोपा काढून चालवलं? कुणाच्या पानातलं ओढून घेतलं? कामं वाटून दिली, बायका रांगेत बसवल्या, तोंडं बंद केली. एवढंच ना? मग चुकलं कुठं?"

थोरल्या आईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तोंडं बंद केलीस," ती म्हणाली. "व्हय."

आणि पुन्हा सुपात बोटं घातली.

भिवरा दात-ओठ खात खांबाला टेकली. आईचं हे असंच. माणूस जळत यावं आणि हिनं डाळ निवडत बसावं.

मठ तसा लहान. डोंगराच्या पायथ्याला चार खोल्या, एक विहीर, एक अंगण. देवापेक्षा चूल मोठी. दर अमावास्येला पंगत बसायची आणि येईल त्याला पोटभर वाढायचं. कुठून कुठून लोक यायचे, कुणी पायी, कुणी टेम्पोत दाटीवाटीनं. ती चूल थोरल्या आईनं पेटवलेली. तिचे गुडघे गेले तेव्हा तिनं पळी भिवराच्या हातात दिली. इतक्या बायकांत भिवराच का, तर भिवरासारखी राबणारी दुसरी नव्हती. हे भिवराला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

आईच्या काळी सगळ्या बायका चुलीभोवती गोल करून बसायच्या. हात परातीत आणि तोंड गावभर. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, कुणाचा नवरा पिऊन कुठं पडला, सगळं तिथं निघायचं. आणि आई मधोमध सूप घेऊन बसलेली. निवडते कमी, ऐकते जास्त. भिवराचं टाळकं फिरायचं.

"हा काय सैपाक झाला?" ती म्हणायची. "ही तर चावडी भरली!"

बायका हसायच्या. आईही हसायची.

पळी हातात आली तशी भिवरानं ती चावडी मोडली. भाकरीवाल्या मागच्या पडवीत, भातवाल्या पुढं, भांडी विहिरीवर, कोठी कुलपात. एकीची पाठ दुसरीकडं. आणि नियम एकच.

"हात चालला की तोंड बंद. कुणाला काही सांगायचं असलं तर मला येऊन सांगायचं."

कुणी सांगायला आलंच तर भिवरा पदर खोचून कामात. "हे तुझं काम का?" एवढं विचारायची. बाई खाली मान घालून परत फिरायची.

आता शिस्त वाईट असं कोण म्हणतं? पंगत दुप्पट झाली. भाकरी वेळेवर, भात वेळेवर. भांडी अशी लख्ख, की त्यात बघून कुंकू लावावं. तालुक्याच्या कारखान्याचे साहेब जेवायला आले, बोटं चाटून म्हणाले, "बाई, आमच्या कारखान्यात अशी शिस्त न्हाई. आमच्या मॅनेजरला तुमच्याकडं शिकायला धाडतो." शाल-नारळ दिला. भिवरानं नारळ देवाला फोडला. शाल अंगावरून काढली नाही.

आज शाल नव्हती अंगावर.

"परवा अमावास्या," भिवरा म्हणाली. "माणसं येतील. चूल थंड. एक बाई मठाची पायरी चढायला तयार न्हाई. परवा चूल पेटली न्हाई तर पुन्हा कधी पेटायची न्हाई, आई. तुमची चूल..."

तिचा आवाज फाटला. तिनं तो खाकरून सारखा केला.

"चांगुणाकडं गेली होतीस?" आईनं विचारलं.

चांगुणा म्हणजे विहिरीवर भांडी घासणारी.

"गेले होते."

"काय म्हणालीस?"

भिवरा जमिनीकडं बघायला लागली.

"म्हटलं... तुला ठाऊक होतं तर ओरडली का न्हाईस?"

"मग ती?"

"ती म्हणाली, 'हात चालला की तोंड बंद, भिवराबाई.' आणि माझ्या तोंडावर दार लावलं."

आईनं आणखी एक खडा टाकला.

अंगणात एक मोठं पितळेचं पातेलं पालथं पडलं होतं. त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. ऊन त्याच्यावर पडून भिंतीवर नाचत होतं.

"अजून चकाकतंय," आई म्हणाली.

"मीच घासून घ्यायची. विटकरीच्या भुग्यानं."

"बाहेरनं?"

भिवरानं नजर पातेल्यावरून काढली.

"आतनंही," ती म्हणाली. "डाग दिसलेला खपायचा न्हाई मला. चांगुणा म्हणायची, बाई, जरा हळू, राख बास झाली. मी म्हटलं, वीट घे. जोर लाव."

आणि त्या जोरानंच आतली कल्हई उडाली. बुडाशी पळीएवढा पट्टा उघडा पडला, पिवळाजर्द.

पितळेची कल्हई गेली की त्यात आंबट कळकतं. विष होतं त्याचं. हे मठातल्या एकेका बाईला ठाऊक होतं. परकरातली पोरगी सांगेल ते. भिवराला काय ठाऊक नव्हतं? पण गेल्या अमावास्येला झालं ते असं.

सकाळी चांगुणानं तो पट्टा बघितला. सांगायला आली. भिवरा म्हणाली, "तुझं काम घासायचं ना? मग घास तेवढं." चांगुणा गेली. त्या पातेल्यात काय शिजणार हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, भात असंल. भाताला काय होतंय?

कोठीवर गोजराबाई. माणसं लोटली, डाळ सरत आली, हे तिला एकटीला कळलं. तिनं ताकाचे डेरे बाहेर काढून दिले. कढी होऊ दे. कुठल्या भांड्यात, ते तिचं काम नव्हतं.

चुलीवरच्या बायकांनी रिकामं दिसलं ते पातेलं चढवलं. धूर, हळद, घाई. बूड कोण बघतंय?

वाढायला इठा. तिला पळी बुडवताना कडेला हिरवट तवंग दिसला. ती थबकली. मागं वळून बघितलं, तर मागं सगळ्या पाठीच पाठी. तिनं पळी भरली आणि पुढं गेली. आधीच्या अमावास्येला ती पंगतीत एका बाईशी दोन शब्द बोलली म्हणून भिवरानं तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

तिघींना तीन गोष्टी ठाऊक होत्या. गोल करून बसल्या असत्या तर एक भाकरी भाजायच्या आत कढी ओतून दिली असती.

दुपारभर माणसं अंगणात ओकत होती. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण उठून आपापल्या वाटेनं गेले. दगडूबुवा उठला नाही.

दगडूबुवा मठाचं अंगण झाडायचा. त्याला पुढं-मागं कुणी नव्हतं. सगळ्यांचं झालं की शेवटी पायरीवर बसून जेवायचा...

"बोला काहीतरी," भिवरा म्हणाली. "शिव्या द्या. पळी काढून घ्या. पण असं डाळ निवडत बसू नका!"

थोरल्या आईनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात जमिनीला टेकून, त्या गेलेल्या गुडघ्यांवर कण्हत कण्हत ती बसल्या जागी वळली. वळून भिंतीकडं तोंड करून बसली. पाठ भिवराकडं.

"आता बोल," आई म्हणाली.

"काय बोलू?"

"बोलायला आलीस ना? बोल. माझे हात मोकळे न्हाईत, पण कान मोकळे हायत."

तिनं सूप पुढं ओढलं आणि भिंतीशी निवडायला लागली.

भिवरा त्या पाठीकडं बघत राहिली. वाकलेली पाठ, विटलेलं लुगडं, मानेवर पांढऱ्या केसांची गाठ. एवढ्या वर्षांत तिनं ही पाठ कधी बघितलीच नव्हती.

"आई, त्या दिवशी मी..."

थांबली. पुन्हा सुरुवात केली.

"मला त्या दिवशी..."

शब्द त्या पाठीला आपटून खाली पडत होते.

"असं कसं बोलू?" ती चिडली. "तोंड तरी दिसू द्या!"

"का? शिस्तीत बसलेय की."



बऱ्याच वेळानं आईच आपल्याशी बोलल्यासारखी बोलली, भिंतीकडं बघत.

"मी इथं आत पडून असायची. सैपाकघरातला आवाज यायचा. कोण हसतंय, कोण रडवेली, कोण आज आलीच न्हाई, पडल्या पडल्या कळायचं. मग एक दिवस काहीच ऐकू येईना. मला वाटलं, कान गेले..."

सुपात डाळ सळसळली.

"कान गेले न्हवते, भिवरे. ते 'काहीच न्हाई' मी वरीसभर ऐकलं. आणि पडून राहिले."

भिवराला त्याचं काय करावं कळेना. ती शिव्या खायला आली होती. आईच्या आवाजात शिवी नव्हती. शिवी असती तर बरं झालं असतं.

ती उठली. भिंत आणि आई यांच्यामध्ये वीतभर जागा होती. तिच्यात ती अंग चोरून शिरली आणि आईच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा, मध्ये सूप. पाठीला भिंतीचा गारवा लागला.

आईचे डोळे लाल होते. किती वेळचे, देव जाणे.

"दगडूबुवाला दुसरी पळी मी वाढली," भिवरा म्हणाली.

आईनं हातातला खडा सुपाबाहेर ठेवला.

"इठा त्याला एकदा वाढून पुढं गेली होती. तो द्रोण चाटत बसला होता. मी जाताना बघितलं. मला काय वाटलं कुणास ठाऊक... मीच पातेल्याच्या बुडातनं काढली पळी आणि ओतली. काठोकाठ. तो म्हणाला, 'पोरी, आज कढी! आज माझी दिवाळी गं!' आणि गटागटा प्यायला. माझ्या देखत. मी हसले, आई... मी उभी राहून हसले."

तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर सुटली असती.

वारा सुटला तशी पानं अंगणातल्या पातेल्याला येऊन थटली. दगडूबुवाचा झाडू अजून पायरीला टेकून उभा होता. अंगणात पानांचा थर साचला होता.

"त्याला कढी आवडते," आईनं हळूच विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळ्यांना कुठनं ठाऊक?"



भिवराला चूल दिसली. जुनी, भोवती बायका गोल करून बसलेल्या. गोजरा भाकरी थापता थापता हात हवेत नाचवत होती, दगडूबुवा कढी कशी भुरकतो त्याची नक्कल करत होती. चांगुणा हसून हसून लोळत होती. म्हणत होती, म्हाताऱ्याच्या आईनं त्याला दुधाऐवजी कढीच पाजली असणार. इठा सांगत होती, न्हाई गं, त्याची बायको करायची, ती गेल्यापासनं तो कढीवर असा जीव टाकतो. मग सगळ्या गप्प झाल्या होत्या. आणि भिवरा, परातीत पीठ मळत, मनात म्हणत होती, चावडी भरलीय नुसती.

"चुलीपाशी," ती पुटपुटली. "तिथंच कधीतरी..."



आईनं सूप तिच्या मांडीवर सरकवलं. दोघींची बोटं डाळीत फिरायला लागली. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं. 

"चांगुणाच्या दारात जाते पुन्हा," भिवरा शेवटी म्हणाली. "आज जाते. दार उघडेपर्यंत बसते. गोजराकडं जाते, इठाकडं जाते. पाया पडते."

"बरं."

"आल्या, तर गोल बसवते. पहिल्यासारखं."

आई निवडत राहिली.

"आणि न्हाई आल्या तर..."

 आईनं एक खडा उचलला, उजेडात धरून बघितला, खाली टाकला.

भिवरा उठून उभी राहिली. पदर खोचायला हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला.

"आई... चांगुणा आली, समोर उभी राहिली, तर मी तिला काय सांगू?"

थोरल्या आईनं अंगणातल्या पातेल्याकडं बघितलं.

"ती सांगंल. तू भांडी घास... राखेनं."