सावरघाटाची दगडी खुर्ची

पाहुणे, खिंडीच्या तोंडाशी ती चिखलानं माखलेली दगडी खुर्ची दिसते ना, घाट चढून येणारा प्रत्येक माणूस तिला पाय पुसतो आणि मगच गावात शिरतो. नव्या नवरीनंसुद्धा आधी इथं पाय पुसायचे, देवदर्शन त्यानंतर.

कंपनी सरकारचा अंमल नवा होता तेव्हाची गोष्ट सांगतात. कोळ्यांची ठमाई आणि तिचा नवरा मूठभर बंडकऱ्यांनिशी ही खिंड राखून होते. वरून धोंडे लोटायचे, पलटणीची रसद लुटायची आणि करवंदीच्या जाळ्यांत दिसेनासं व्हायचं. गोऱ्या कप्तानाला घाट काही चढता येईना.

ठमाईचा धाकटा दीर निंबाजी. लढाईच्या वेळी याचं पोट दुखायचं, लुटीच्या वाटणीला बरं व्हायचं. कप्तानानं त्याला निरोप धाडला, 'चोरवाट दाखव, साहेबासमोर बसायला खुर्ची मिळेल.' जहागीर नाही, वतन नाही, खुर्ची! तेवढ्यावर त्यानं सख्खा भाऊ विकला. पलटण चोरवाटेनं आली आणि ठमाईचा नवरा हातातल्या भाकरीसकट मारला गेला.

ठमाई निसटली. मग कप्तानानं गावची बायापोरं काट्यांच्या कुंपणात कोंडली. 'ती हजर झाली तर सोडीन,' म्हणाला. ती आली. भर पावसात, चिखल तुडवत, एकटी. शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत ती जागची हलली नाही.

कप्तान म्हणाला, "खिंडीचा नवा नाईक हा. याच्या पाया पड, तुझा जीव वाचेल."

जरीचा फेटा बांधून निंबाजी खुर्चीत बसला होता. ठमाईनं कासोट्यात विळा लपवून आणला होता, म्हणे. त्याचं नरडं चिरायचंच तिच्या मनात होतं. पण थोरली वहिनी समोर येताच निंबाजी जन्माच्या सवयीनं उठून उभा राहिला, आणि उठलो म्हणून साहेबाकडे घाबरून बघू लागला. तिला किळस आली. असल्यासाठी विळा बाटवायचा?

ती खुर्चीपाशी गेली. एकेक पाय उचलून चिखल बैठकीला नीट पुसला.

"भावाच्या रगताचं एवढंच घेतलंस व्हय रं?" ती म्हणाली. "बस आता. तुझ्याजोगती झालीया."

"बैठो!" कप्तान ओरडला.

आणि निंबाजी बसला. साऱ्या गावादेखत, त्या चिखलात.

ठमाईला तिथल्याच सावरीच्या झाडाला फाशी दिलं. निंबाजी पुढं पुष्कळ जगला, असं सांगतात. पण त्याच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही, की मेल्यावर त्याला खांदा दिला नाही.

लाकडी खुर्ची वाळवीनं खाल्ली, तेव्हा ठमाईचं देऊळ बांधावं, असं गावात निघालं. तिची बहीण म्हणाली, "देऊळ बांधाल, नारळ फोडाल अन् इसरून जाल. त्यापरीस खुर्ची घडवा."

आजही ती कुणी धूत नाही. मागं एक पुढारी आले होते. रुमाल अंथरून ऐटीत बसले, फोटो काढून घेतले. गावातल्या एकानंही त्यांना अडवलं नाही. म्हातारे म्हणतात, अडवायचं कशाला? ज्याची जागा आहे, तो आपणहून बसतो.